मदत हवी आहे: एपीजी आणि फॅटी अल्कोहोलच्या मायक्रोइमल्शनचं पेटंट नाकारलं, अपिलाला पाच आठवडे उरलेत

संत्रावाली

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतेय कारण वेळ कमी आहे आणि नागपुरात ह्या विषयावर बोलायला केमिस्ट मिळतो तर त्याला कायदा माहीत नसतो आणि वकील मिळतो तर त्याला मायक्रोइमल्शन म्हणजे काय हे समजावण्यातच तास जातो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा आयुष्यभर जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. मशीनवर साचलेलं ग्रीस आणि सरकीच्या तेलाचा चिकटा रॉकेलमध्ये बुडवलेल्या कॉटन वेस्टनं पुसायचा, आजूबाजूला रुईचे ढीग, आणि हाताला कायमच्या भेगा. मी एलआयटीला, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटला, ऑइल टेक्नॉलॉजी करत होते तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं की ह्या कामाला रॉकेलऐवजी पाण्यातलं काहीतरी हवं. संत्र्याच्या सालीचं तेल, म्हणजे मुख्यतः लिमोनीन, ग्रीस छान सोडवतं पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीनं पेट घेते तो, साधारण ४८ डिग्री, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे तसंच वापरायचं तर रॉकेलपेक्षा फार काही बरं नाही. म्हणून ते पाण्यात बसवायचं, तेही साधं दुधासारखं इमल्शन नाही कारण ते गोदामात पडून फुटतं, तर मायक्रोइमल्शन, जे आपोआप बनतं, पाण्यासारखं पारदर्शक दिसतं आणि कितीही दिवस ठेवलं तरी वेगळं होत नाही.

सरफॅक्टंट, म्हणजे तेल आणि पाणी जुळवणारा साबणासारखा पदार्थ, म्हणून एपीजी घेतलं, म्हणजे अल्किल पॉलिग्लुकोसाइड, ग्लुकोज आणि फॅटी अल्कोहोलपासून बनणारं, हाताला सौम्य आणि नाल्यात गेलं तरी लवकर विघटन होणारं. पण एपीजीची एक खोड आहे. इथॉक्सिलेटवाले सरफॅक्टंट तापवले की पाण्याला सोडू लागतात, म्हणून नुसतं तापमान बदलून मायक्रोइमल्शन जमवता येतं. एपीजीचं साखरेचं डोकं पाण्याला घट्ट धरून बसतं, तापवा नाहीतर थंड करा, त्याला जवळपास फरक पडत नाही. मग सोबत को-सरफॅक्टंट, म्हणजे त्याच्या मदतीला दुसरा पदार्थ, लागतोच, आणि तो म्हणून सगळे ब्युटॅनॉल, पेंटॅनॉल, हेक्झॅनॉल घेतात. वास डोक्यात जातो आणि पेंटॅनॉल तर लिमोनीनच्याच तापमानाला पेट घेतो, मग रॉकेल काढून आम्ही काय मिळवलं?

मी आणि माझा मामेभाऊ, दोघांनी हिंगण्याच्या छोट्या शेडमध्ये लॉरिल अल्कोहोल म्हणजे १२ कार्बनचं फॅटी अल्कोहोल घालून पाहिलं. सगळ्यांनी सांगितलं की ह्यानं माल घट्ट होईल, क्रीममध्ये ते त्यासाठीच घालतात. आणि खरंच, सुरुवातीचे कित्येक ट्रायल पेस्ट झाले, चमचा उभा राहील असे. पण एका अरुंद पट्ट्यात, ८-१० कार्बनच्या एपीजीबरोबर, अचानक पाण्यासारखं पातळ, किंचित निळसर झाक असलेलं द्रावण मिळालं. डिसेंबरच्या थंडीत नुसत्या लॉरिल अल्कोहोलचा कॅन खोबरेल तेलासारखा गोठतो, २४ डिग्रीला वितळणारा पदार्थ आहे तो, पण आमचं सॅम्पल त्याच शेडमध्ये जानेवारीपासून मेअखेरपर्यंत स्वच्छ राहिलं. त्या दिवशी मामेभावाने बाटली उन्हात धरून फोटो काढला तो अजून माझ्या फोनवर आहे.

आता पेटंट. क्लेम एक, म्हणजे ज्यावर हक्क मागितलाय त्याची पहिली व्याख्या, असा आहे: ८ ते १६ कार्बनचं एपीजी, १२ ते १४ कार्बनचं फॅटी अल्कोहोल एपीजीच्या वजनाच्या १० ते ३० टक्के, तेल आणि पाणी, मिळून मायक्रोइमल्शन. सुनावणी झाली, लेखी म्हणणं दिलं, आणि पेटंट कायद्याच्या कलम १५ खाली नकार आला. कारणं थोडक्यात अशी. एका जुन्या दस्तऐवजात, त्याला डी-१ म्हणते, एपीजी आणि हेक्झॅनॉलचं मायक्रोइमल्शन आहे. डी-२ मध्ये एपीजीच्या क्रीममध्ये फॅटी अल्कोहोल आहे. दोन्ही एकत्र करणं जाणकाराला सहज सुचेल म्हणून इन्व्हेंटिव्ह स्टेप, म्हणजे सहज न सुचणारं असं काही, नाही. दुसरं, हे नुसतं मिश्रण आहे म्हणून कलम ३(ई), ज्याखाली नुसत्या मिश्रणाला पेटंट मिळत नाही. तिसरं मला सगळ्यात लागलं: एपीजी फॅटी अल्कोहोलपासूनच बनतं, बाजारातल्या एपीजीत ते थोडं उरतंच, म्हणजे डी-१ मध्ये फॅटी अल्कोहोल आधीपासून होतंच, मग तुम्ही नवीन काय केलं?

प्रश्न असे. तिसऱ्या मुद्द्याला उत्तर कसं द्यायचं? अपिलात नवीन प्रयोग देता येतात का? आणि आमच्या अर्जात उदाहरणं फक्त ८-१० च्या एपीजीची आहेत, क्लेम मात्र १६ पर्यंत गेलाय, ते बुडवेल का? वकील मुंबईचे धरलेत, पण ते म्हणतात टेक्निकल बाजू तुम्हीच लिहून द्या.

कलम_पंधरा

ताई, आधी तारखा. कलम ११७ए खाली अपील निर्णयाच्या तारखेपासून तीन महिन्यांत करायचं. कोर्ट पुढे मुदत देऊ शकतं पण त्याच्या भरवशावर बसू नका. आयपीएबी, म्हणजे अशी अपिलं ऐकणारं मंडळ, २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता थेट हायकोर्ट. रिव्ह्यूसाठी, म्हणजे पेटंट ऑफिसकडेच फेरविचार मागायला, एक महिना असतो, तुमचे सात-आठ आठवडे झालेले दिसतात, म्हणजे तो दरवाजा सोडून द्या.

ऑर्डर पुन्हा वाचा आणि एकच गोष्ट शोधा. डी-१ मध्ये काय आहे, तुमच्या अर्जात काय आहे, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणकार कसा पोचेल, ह्या तिन्हींची चर्चा आहे का? दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये अ‍ॅग्रीबोर्डच्या केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय की हे तीन घटक तपासल्याशिवाय नुसतं सहज सुचण्यासारखं आहे असं म्हणून अर्ज नाकारता येत नाही. तुमच्या ऑर्डरमध्ये तिसरा घटक एका वाक्यात उरकला असेल तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. पण हेही सांगतो की अशा मुद्द्यावर जिंकलात तर बरेचदा केस परत नव्याने विचार करायला खाली पाठवतात, पेटंट हातात पडत नाही. म्हणून सायन्सची बाजू आताच पक्की करा, नाहीतर दीड-दोन वर्षांनी पुन्हा इथेच याल.

३(ई) चं सांगायचं तर त्यातला शब्द बघा, घटकांच्या गुणधर्मांची नुसती बेरीज होत असेल तर. सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसादचा निकाल भांडी लेथवर धरण्याच्या साधनाबद्दल होता, पण तत्त्व तुमच्याही कामाचं आहे: जुन्याच गोष्टी एकत्र आणल्या तरी त्यांनी एकमेकांवर काम करून नवा किंवा सुधारलेला परिणाम दिला पाहिजे. नुसतं एपीजी घातलं तर तेल वर तरंगतं, नुसतं फॅटी अल्कोहोल घातलं तर तेही तेलातच जातं, दोन्ही ठरावीक प्रमाणात घातले तरच सगळं एक होतं. ही बेरीज नाही. हे अर्जात लिहिलंय का?

संत्रावाली

लिहिलंय दादा, पण उदाहरणांत विखुरलेलं. एक तक्ता आहे ज्यात ० टक्के, ५, १०, २०, ३० आणि ४० टक्के फॅटी अल्कोहोलचे निकाल आहेत. ० आणि ५ ला दोन थर, ४० ला पेस्ट.

कलम_पंधरा

मग तो तक्ता सोनं आहे, तो सुनावणीत समोर का नाही ठेवला?

संत्रावाली

आमच्या तेव्हाच्या एजंटने ठेवला नाही आणि आम्हाला कळलं नाही की ठेवायचा असतो. सुनावणी व्हिडिओवर झाली, आम्ही मागे बसलो होतो, बोलू की नको ह्या विचारातच संपली.

तेलघाणी

वाचून राहिलो होतो सकाळपासून, आता लिहितो. मी सरफॅक्टंटच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, एपीजीच्या प्लँटवरही होतो.

पोरी, तुझ्या तिसऱ्या मुद्द्याला घाबरू नको, तो अर्धा खरा आहे आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर देता येतं. एपीजी बनवायची रीत म्हणजे फिशरची जुनी रिअ‍ॅक्शन, १८९३ ची. ग्लुकोज अल्कोहोलमध्ये विरघळत नाही आणि नुसत्या ग्लुकोजची आपसात साखळी वाढू नये म्हणून फॅटी अल्कोहोल कितीतरी जास्त घ्यावं लागतं. मग जे उरतं ते व्हॅक्यूममध्ये डिस्टिल करून काढतात. काढतातच, कारण राहिलं तर वास येतो, माल गढूळ होतो आणि गिऱ्हाईक परत पाठवतं. चांगल्या मालात मोकळं फॅटी अल्कोहोल एखाद टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहतं. तुझा क्लेम १० टक्क्यांपासून सुरू होतो. आणि कोणत्या लांबीचं राहतं ते बघ! ८-१० च्या एपीजीत उरलेलं अल्कोहोल ८ आणि १० कार्बनचंच असणार, कारण ते ज्यापासून बनलं तेच उरतं. तुझं अल्कोहोल १२-१४ चं. म्हणजे डी-१ मधल्या एपीजीत तुझं अल्कोहोल आपोआप असणं शक्य नाही, जर डी-१ मध्ये छोट्या साखळीचं एपीजी असेल तर. डी-१ मध्ये कोणतं एपीजी आहे?

संत्रावाली

काका थांबा, बघते.

बघितलं. उदाहरणं सगळी ८-१० ची आहेत. वर्णनात मात्र ८ ते १६ असं लिहिलंय.

तेलघाणी

मग उदाहरणांपुरता मुद्दा सुटला. वर्णनातल्या १२-१४ च्या एपीजीसाठी मात्र मोजून दाखवावं लागेल. बाजारातलं १२-१४ चं एपीजी दोन-तीन ग्रेडचं घे, जीसीवर, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफवर, मोकळं अल्कोहोल किती ते काढ, आणि तेच एपीजी काहीही न घालता तुझ्या लिमोनीन-पाण्यात टाकून दाखव की दोन थर राहतात. हा प्रयोग दोन दिवसांचा आहे. शब्दांनी भांडण्यापेक्षा हा एक कागद जड पडेल.

आणि तू १६ पर्यंत काहून गेली? १२-१४ चं एपीजीच थंडीत पेस्ट होऊन बसतं, वापरण्याआधी गरम करावं लागतं. १६ ला तर तुझी खिडकी, म्हणजे तो पातळ द्रावणाचा अरुंद पट्टा, उघडेल असं मला वाटत नाही. जे करून पाहिलं नाही ते मागायचं नाही.

संत्रावाली

एजंट म्हणाला होता की मोठं मागा, मग कमी करता येतं.

कलम_पंधरा

कमी करता येतं हे खरं आहे. कलम ५९ खाली क्लेम आकसता येतो, मूळ क्लेमच्या बाहेर जाता येत नाही. पण आकसून जिथे थांबायचं ती जागा मूळ अर्जात लिहिलेली हवी. '८ ते १०' असं वेगळं कुठे लिहिलंय का, की फक्त उदाहरणांत आहे?

संत्रावाली

डिपेंडंट क्लेम तीनमध्ये, म्हणजे क्लेम एकवर आधारलेल्या अरुंद क्लेममध्ये, '८ ते १०' आहे.

कलम_पंधरा

मग मागे सरून थांबायची जागा तयार आहे. वकिलांना सांगा की मुख्य विनंतीबरोबर पर्यायी क्लेमचा संच आताच जोडा.

नवीन प्रयोगांबद्दल: अपिलात नवा पुरावा आपोआप घेतला जात नाही, वेगळा अर्ज लागतो आणि आधी का दिला नाही ते सांगावं लागतं. म्हणून फरक लक्षात घ्या. अर्जात जो परिणाम आधीच सांगितलाय त्याला पुष्टी देणारा प्रयोग एक गोष्ट, आणि अर्जात नसलेला नवाच परिणाम आणणं दुसरी. दुसरं करायला जाऊ नका. युरोपियन पेटंट ऑफिसच्या मोठ्या अपील मंडळाने मार्च २०२३ मध्ये जी २/२१ ह्या निर्णयात साधारण हेच म्हटलंय, की नंतरचा डेटा ज्या परिणामासाठी देताय तो परिणाम मूळ अर्जातल्या शिकवणीत बसलेला असावा. आपल्या कोर्टावर ते बंधनकारक नाही, पण विचार करायची पद्धत म्हणून वापरा.

मासा_आणि_शेपटी

मी पीएचडी ह्याच विषयात केली, साखरेच्या सरफॅक्टंटच्या फेज डायग्रामवर, म्हणून राहवत नाही.

संत्रावाली, तुमचा क्लेम प्रमाणावर उभा आहे, एपीजीच्या वजनाच्या १० ते ३० टक्के. पण बाटलीतलं प्रमाण आणि थेंबाच्या कडेवरचं प्रमाण एक नसतं. १२ कार्बनचं अल्कोहोल लिमोनीनमध्ये सहज विरघळतं. म्हणजे तुम्ही घातलेल्यापैकी काही तेलात जातं आणि उरलेलंच एपीजीच्या शेजारी फिल्ममध्ये, म्हणजे थेंबाभोवतीच्या पातळ थरात, बसून तिचा बाक बदलतं. तेल वाढवलं तर तेलात जाणारं अल्कोहोलही वाढतं आणि फिल्ममध्ये कमी पडतं. म्हणजे १० टक्के तेलाला जे प्रमाण चालतं ते ३० टक्के तेलाला चालेलच असं नाही. क्लेममध्ये तेलाचं प्रमाण आहे का?

संत्रावाली

नाही 😔 फक्त 'तेल' लिहिलंय.

मासा_आणि_शेपटी

मग कोर्टात कुणी विचारलं की ह्या पूर्ण क्षेत्रात मायक्रोइमल्शन होतं का, तर उत्तर नाही असंच येईल. युरोपियन पेटंट ऑफिसच्या अपील मंडळाचा १९९५ चा टी ९३९/९२ हा निर्णय ह्याच कारणासाठी अजून वाचला जातो, की ज्या परिणामासाठी शोध म्हणताय तो क्लेमच्या जवळजवळ सगळ्या भागात पटण्यासारखा हवा. उदाहरणांत तेल किती टक्के आहे ते बघून ती मर्यादा आत घ्या, अर्जात ती रेंज म्हणून लिहिलेली असेल तर.

आता काय करायचं ते सांगतो. तेल आणि पाणी समान प्रमाणात घ्या. आडव्या अक्षावर एकूण सरफॅक्टंट, उभ्यावर त्या सरफॅक्टंट मिश्रणात फॅटी अल्कोहोल किती. प्रत्येक बिंदूला टेस्ट ट्यूब बंद करून पाण्याच्या बाथमध्ये ठेवायची आणि किती थर आहेत ते बघायचं. खाली एक प्रकारचे दोन थर, वर दुसऱ्या प्रकारचे दोन, मध्ये तीन, आणि उजवीकडे सगळं एक. आकार माशासारखा येतो, आम्ही त्याला मासाच म्हणतो. शरीर आणि शेपटी जिथे मिळतात त्या बिंदूला सगळ्यात कमी सरफॅक्टंटमध्ये सगळं एकजीव होतं. हा मासा १०, २५ आणि ४५ डिग्रीला काढा. तुमचं म्हणणं खरं असेल तर तिन्ही तापमानांना तो जवळपास त्याच जागी दिसेल, आणि एकच चित्र दाखवेल की शून्याजवळ, म्हणजे बाजारच्या एपीजीत उरलेल्या अल्कोहोलच्या पातळीवर, खिडकी बंद आहे. घट्ट होणाऱ्या जागाही लपवू नका, पोलराइज्ड प्रकाशात बघा, लिक्विड क्रिस्टल चमकतो आणि मायक्रोइमल्शन काळं दिसतं. फॅटी अल्कोहोल घातलं की घट्ट होतं हा समज तुमच्याच बाजूचा आहे, कारण जाणकाराने डी-२ वाचून ते पातळ पारदर्शक द्रावणासाठी का घ्यावं?

तेलघाणी

बरोबर बोलले सर. अजून एक, डी-१ बरोबर तुलना करशील ती इमानदारीनं कर. एपीजी तेच, तेल तेच, बॅच तीच, फक्त हेक्झॅनॉलच्या जागी लॉरिल अल्कोहोल. आणि नुसतं वजनाने नको. हेक्झॅनॉलचं मॉलिक्युलर वेट १०२, लॉरिलचं १८६, म्हणजे २० ग्रॅम लॉरिल म्हणजे मोलच्या हिशोबानं ११ ग्रॅम हेक्झॅनॉल. दोन्ही पद्धतीनं कर, वजनानेही आणि मोलनेही. नाहीतर समोरचा म्हणेल तुम्ही हेक्झॅनॉलला हरवायला मुद्दाम चुकीचं प्रमाण घेतलं.

आणि हेक्झॅनॉलवालंही पारदर्शक येईल, ते येणारच, त्यात वाईट वाटून घेऊ नको. तुझा फरक पारदर्शकतेचा नाही. वास, आग आणि उघड्या बादलीत ठेवल्यावर को-सरफॅक्टंट उडून जाऊन फुटणं, तो फरक आहे. हे अर्जात लिहिलंय ना?

संत्रावाली

लिहिलंय! पहिल्याच पानावर, कारण बाबांसाठी तेच तर करायचं होतं. उघड्या बादलीची ४५ डिग्रीची टेस्ट पण आहे, उदाहरण सहा. मला वाटायचं की ते फार घरगुती आहे, कोर्टात चालणार नाही.

कलम_पंधरा

उदाहरण सहा अपिलाच्या पहिल्या तीन पानांत यायला हवं. डी-१ पासून सुरुवात केली तर तुमचा प्रश्न 'मायक्रोइमल्शन कसं बनवायचं' हा नाहीच, तो 'उडणारं, पेटणारं अल्कोहोल काढून टाकूनही ते टिकवायचं कसं' हा आहे. ह्या प्रश्नाला डी-२ मधून उत्तर मिळतं का? क्रीम घट्ट करायची ते शिकवतं. एवढं तुमच्या शब्दांत दोन पानं लिहा, वकील त्याला कायद्याचा अंगरखा घालतील.

आणि नागपुरात आहात तर सिव्हिल लाइन्सला राजीव गांधी बौद्धिक संपदा संस्थेत एक चक्कर मारा, तिथेच पेटंट इन्फर्मेशन सिस्टम आहे, १९८० पासून. डी-१ च्या कुटुंबातले, म्हणजे त्याच शोधाचे इतर देशांतले, बाकीचे अर्ज शोधा. त्या लोकांनी स्वतःच कुठे लिहिलं असेल की लांब साखळीचं अल्कोहोल घातलं तर माल घट्ट होतो, तर ते वाक्य तुमच्यासाठी दहा प्रयोगांच्या बरोबरीचं आहे.

संत्रावाली

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे प्रिंट काढून बाबांना वाचून दाखवतेय, त्यांना मासा फार आवडला. उद्या वकिलांना क्लेम तीनचा पर्यायी संच आणि तेलाच्या मर्यादेबद्दल लिहिते, उदाहरणांत १० ते २५ टक्के तेल आहे आणि वर्णनातही तीच रेंज एका वाक्यात सापडली. अडचण एकच राहिली, आमच्याकडे बाथ आहे पण जीसी नाही, आणि बाहेरच्या लॅबने दोन आठवडे सांगितलेत. माझ्याकडे तेवढे नाहीत.

तेलघाणी

बुटीबोरीला माझ्या मित्राकडे जीसी आहे, फॅटी अल्कोहोल रोज चालवतात ते. मंगळवारी सकाळी सॅम्पल घेऊन ये, तिन्ही ग्रेडचं एपीजी प्रत्येकी पन्नास ग्रॅम, सीलबंद, बॅच नंबर लिहून. लेबलचे फोटो काढून ठेव, अ‍ॅफिडेव्हिटला लागतील. आणि बाबांना पण आण.

संत्रावाली

येते काका. दोन ग्रेड आहेत, तिसरी उद्या इतवारीतून घेते.